पिण्याच्या पाण्याआडून

१९५६च्या जूनमध्ये टेक्सासमधले कोमाल झरे आटले. न्यू ब्राउनफेल्स गावात चुनखडीच्या कड्याच्या पायथ्याशी उफाळून येणारी ही झऱ्यांची रांग त्या राज्यातली सगळ्यात मोठी. वर्षानुवर्षं पुरेसा पाऊस नव्हता. ज्या भूजलावर हे झरे चालतात त्या एडवर्ड्‌स जलधरातून, म्हणजे जमिनीखालच्या पाणी धरून ठेवणाऱ्या खडकातून, सॅन अँटोनियो शहर आणि पश्चिमेकडचे बागायतदार उपसा करतच राहिले होते. जवळपास पाच महिने झऱ्यांतून पाणी आलं नाही. नोव्हेंबरात ते परत आलं, पण तोवर तिथला फाउंटन डार्टर हा मासा नाहीसा झाला होता. जेमतेम इंचभर लांबीचा हा मासा जगात दोनच जागी राहतो, कोमालमध्ये आणि जवळच्या सॅन मार्कोसच्या झऱ्यांमध्ये. १९७०च्या दशकात सॅन मार्कोसहून डार्टर आणून कोमालमध्ये सोडावे लागले. आज तिथे दिसतात ते त्यांचेच वंशज.

झरे कोरडे होते तेव्हा शहराच्या विहिरी मात्र चालूच होत्या.

एखाद्या खोऱ्यात शहराचं पाणी आणि नामशेष होऊ घातलेला जीव समोरासमोर आले की एकच प्रश्न विचारला जातो: माणसं आधी की मासे? प्रश्न असा विचारला की उत्तर ठरलेलंच असतं. तहानलेल्या मुलाच्या तोंडचं पाणी काढून माशाला द्या, असं कोण म्हणेल? मीही म्हणणार नाही. पण असा सामना प्रत्यक्षात क्वचितच होतो. ‘शहराचं पाणी’ या दोन शब्दांत पिण्याचा हंडा असतो, स्वयंपाक आणि आंघोळ असते. त्याच दोन शब्दांत बंगल्यांसमोरची हिरवळ असते, कारखान्यांचे शीतकरण मनोरे असतात, जलतरण तलाव असतात आणि जमिनीखाली फुटलेल्या वाहिन्यांतून मुरून जाणारं पाणीही असतं. वाद कोर्टात किंवा विधिमंडळात गेला की हे सगळे वापर हंड्यामागे उभे राहतात. माझं म्हणणं असं, की शहराचा हक्क एकसंध मानणं बंद करावं. माणसाच्या मूलभूत गरजेचं पाणी आणि नदीला जिवंत ठेवणारं पाणी या दोघांना एकाच पहिल्या रांगेत बसवावं आणि शहराच्या उरलेल्या मागणीला शेती-उद्योगांसोबत त्यांच्यामागे उभं करावं. दुष्काळात या मागच्या रांगेने आकसायचं.

ही कल्पना हवेतली नाही. दक्षिण आफ्रिकेने १९९८च्या राष्ट्रीय जल कायद्यात जवळपास हेच लिहून ठेवलं. त्या कायद्यात ‘राखीव साठा’ नावाची तरतूद आहे आणि तिचे दोन भाग आहेत. पहिला भाग माणसांच्या मूलभूत गरजेचा, त्यासाठी माणशी दररोज २५ लिटर हा किमान आकडा धरला गेला. दुसरा भाग नदीच्या परिसंस्थेचा. हे दोन्ही बाजूला काढून झाल्यावर जे उरेल त्याचंच वाटप परवान्यांनी करायचं. वर्णभेदाच्या राजवटीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या, लाखो लोकांच्या घरी नळ नसलेल्या देशाने हा कायदा केला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. नदीची काळजी हे पोट भरलेल्यांचं काम आहे, गरिबांना ते परवडत नाही, असं जे म्हटलं जातं, त्याला या कायद्याने उत्तर दिलं. गरिबाचा हंडा आणि नदीचा डोह यांचा शत्रू एकच आहे, आधी येऊन सगळं उचलून नेणारा मोठा वापरकर्ता. अंमलबजावणी रखडली, अनेक नद्यांमध्ये राखीव पाणी कागदावरच राहिलं, हे खरं आहे. तरी क्रम बरोबर लावला गेला, आणि क्रम चुकला की पुढची कुठलीही अंमलबजावणी तो दुरुस्त करू शकत नाही.

टेक्सासमध्ये क्रम उलटा होता. तिथल्या भूजलाचा जुना नियम म्हणजे बळी तो कान पिळी: आपल्या जमिनीखालून जितकं उपसता येईल तितकं उपसा, शेजाऱ्याची विहीर कोरडी पडली तर तो त्याचा प्रश्न. जलधरात एकूण पाणी किती आणि त्यातून किती काढायचं, हा हिशेब करायला कुणीच बांधील नव्हतं. १९९१ साली सिएरा क्लब ही पर्यावरणवादी संघटना संघराज्याच्या कोर्टात गेली. तिचा दावा राज्यावर किंवा शहरावर नव्हता. संकटग्रस्त प्रजातींचं रक्षण ज्या संघराज्य खात्याचं काम, ते खातं आपलं कर्तव्य करत नाही, एवढाच तो होता. झऱ्यांवर अवलंबून असलेल्या जिवांची यादी लहान पण विलक्षण आहे. डार्टर आहे; जमिनीखालच्या अंधाऱ्या गुहांमध्ये राहणारा, डोळे नसलेला पांढरा सॅलमँडर आहे; आणि सॅन मार्कोस नदीच्या सुरुवातीच्या थोड्याशा पट्ट्यातच उगवणारा, प्रवाहात लांब पाती लहरवणारा जंगली भातही आहे. १९९३ मध्ये न्यायमूर्ती लुशियस बंटन यांनी निकाल दिला आणि राज्याला त्या वर्षीच्या मेअखेरपर्यंत उपशावर मर्यादा घालण्याची व्यवस्था उभारायला सांगितलं. ती झाली नसती तर ते काम संघराज्य सरकारच्या हाती गेलं असतं. त्या भीतीने टेक्सासच्या विधिमंडळाने जे अनेक दशकं टाळलं होतं ते एका अधिवेशनात केलं. एडवर्ड्‌स जलधर प्राधिकरण स्थापन झालं आणि कायदेशीर अडथळे पार करत १९९६ मध्ये कामाला लागलं.

त्यानंतर जे घडलं ते तपशिलात पाहण्यासारखं आहे. एकूण उपशाला कमाल मर्यादा आली. मूळ कायद्यात ती वर्षाला ४,५०,००० एकर-फूट होती आणि पुढे ४,००,००० वर आणायची होती. पण परवाने वाटताना जुन्या वापराच्या दाव्यांची बेरीज त्याच्या पलीकडे गेली, आणि २००७ मध्ये विधिमंडळाने मर्यादाच वाढवून ५,७२,००० एकर-फूट केली. आपल्या परिचयाच्या मापात सांगायचं तर सुमारे २५ टीएमसी. मर्यादा वाढवली याचं मला समर्थन करता येत नाही. आधी हक्क वाटून मग नदीचा हिशेब केला की हेच होतं. पण त्या वाढीसोबत दुष्काळातली कपातही कायद्यात पक्की झाली, आणि गाडं तिथे सावरलं.

या कपातीचा पाया आहे जे-१७ नावाची एक निरीक्षण विहीर. सॅन अँटोनियोतल्या लष्करी छावणीच्या आवारात ती आहे आणि तिच्यातली पाण्याची पातळी शहरातल्या बातम्यांत हवामानाबरोबर सांगितली जाते. पातळी समुद्रसपाटीपासून ६६० फूट उंचीच्या खाली गेली की त्या भागातल्या प्रत्येक मोठ्या परवानाधारकाला उपसा २० टक्क्यांनी कमी करावा लागतो, मग तो महापालिका असो, कारखानदार असो की शेतकरी. पातळी उतरेल तशी कपात टप्प्याटप्प्याने वाढते. ६२५ फुटांखाली ती ४४ टक्के होते. याचा अर्थ, शहराचा हक्क कागदावर जितक्या एकर-फुटांचा आहे तितका तो कोरड्या वर्षात नसतो. जलधर आकसतो तसा हक्कही आकसतो. यात अन्याय काय आहे, हे मला कधीच कळलेलं नाही. पाऊस कमी झाला तर जिरायती शेतकऱ्याचं पीक आपोआप आकसतं. शहराचा कोटा मात्र धरणाच्या तळाशी गाळ दिसेपर्यंत तसाच राहावा, ही अपेक्षा कुठून आली?

सॅन अँटोनियोवर आकाश कोसळलं नाही. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे माणशी दररोज २२५ गॅलन, म्हणजे साधारण ८५० लिटर पाणी लागायचं. पुढच्या तीसेक वर्षांत ते जवळपास निम्म्यावर आलं. गळती शोधली गेली, जुनी शौचकूपं बदलली गेली, हिरवळीला पाणी घालण्याचे वार ठरले, वापराबरोबर चढत जाणारे पाणीपट्टीचे दर आले, प्रक्रिया केलेलं सांडपाणी उद्यानांना आणि उद्योगांना दिलं गेलं. २००४ पासून शहर पावसाळी वर्षांत एडवर्ड्‌समधलं जास्तीचं पाणी शहराच्या दक्षिणेला दुसऱ्या एका वाळूच्या जलधरात भरून ठेवतं आणि दुष्काळात तिथून काढतं. हे सगळं आधीही शक्य होतं. इंचभर माशामुळे कोर्टाने मर्यादा घालायला लावेपर्यंत ते करण्याची निकड कुणाला वाटली नव्हती. मर्यादेमुळे शहर तहानेने मरेल असं तेव्हा सांगितलं जात होतं. मर्यादेनंतर ते शहर वाढतच राहिलं आहे.

सगळ्यात शिकण्यासारखा भाग शेतकऱ्यांशी झालेल्या कराराचा आहे. २०१३ मध्ये मंजूर झालेल्या अधिवास संवर्धन आराखड्यात एक ऐच्छिक योजना आहे. शेतकरी नाव नोंदवतो आणि दरवर्षी त्याला नोंदणीचे पैसे मिळतात, पाऊस झाला तरी. १ ऑक्टोबरला जे-१७ची पातळी ६३५ फूट किंवा त्याखाली असेल, तर पुढच्या वर्षभर तो नोंदवलेल्या हक्काचं पाणी उपसत नाही आणि त्याचा वेगळा, मोठा मोबदला त्याला मिळतो. पैसा मुख्यतः शहरी आणि औद्योगिक परवानाधारकांच्या शुल्कातून येतो. शेतकऱ्याला ऑक्टोबरातच कळतं, म्हणजे बियाणं घेण्याआधी कळतं. २०२२च्या दुष्काळात ही अट लागू झाली आणि २०२३ मध्ये ते शेत-पाणी जमिनीखालीच राहिलं. झरे फार क्षीण झाले, कोमालचे काही ओहळ कोरडेही पडले. पण १९५६ची पुनरावृत्ती झाली नाही.

जगातल्या बहुतेक खोऱ्यांत सर्वात जास्त पाणी सिंचन घेतं, त्यामुळे शहर आणि मासा यांच्यातला कुठलाही तोडगा शेवटी शेतकऱ्याच्या बांधावर येऊन थांबतो. तिथे दोन रस्ते फुटतात. ऑस्ट्रेलियाने मरे-डार्लिंग खोऱ्यात शेतकऱ्यांचे पाणीहक्क सरकारी पैशाने कायमचे विकत घेऊन ते नदीच्या नावावर केले. त्यासाठी २००७चा जल कायदा आणि २०१२चा खोरे आराखडा झाला, आणि पर्यावरणासाठी पाणी बाळगणारा स्वतंत्र सरकारी अधिकारी नेमला गेला. ते काम मोठं आणि धाडसी होतं. पण पाणी विकून शेतकरी निघून गेला की त्याच्यामागे गावातली शाळा, दुकान, कालव्याच्या देखभालीचा खर्च वाटून घेणारे शेजारी यांचंही गणित मोडतं, ही तिथल्या गावांची तक्रार मला रास्त वाटते. शिवाय एवढं करूनही २०१८-१९च्या उन्हाळ्यात मेनिंडी इथे डार्लिंग नदीत लाखो मासे मेले, कारण दुष्काळातही वरच्या अंगाने उपसा होत राहिला आणि नदीत साचलेल्या, प्राणवायू संपलेल्या पाण्याखेरीज काही उरलं नाही. म्हणून मला टेक्सासचा करार जास्त माणुसकीचा वाटतो. जमीन शेतकऱ्याची, हक्क शेतकऱ्याचा. फक्त वाईट वर्षात तो आपलं पाणी नदीला राहू देतो आणि त्याची किंमत शहर मोजतं. जो वापर थांबवणं समाजाला सगळ्यात कमी महाग पडतं तो थांबवावा आणि त्याचा भार मात्र सगळ्यांनी उचलावा.

टेक्सासच्याच खोऱ्यात या व्यवस्थेची मर्यादाही दिसते. कोमाल आणि सॅन मार्कोसचं पाणी ग्वाडालूप नदीतून वाहत मेक्सिकोच्या आखाताला मिळतं. तिथल्या खाडीत हूपिंग क्रेन हे दुर्मीळ क्रौंच पक्षी हिवाळा काढायला येतात. नदीचं गोडं पाणी कमी आलं की खाडी खारट होते आणि त्यांचं अन्न, विशेषतः निळे खेकडे, कमी होतं. २००८-०९च्या दुष्काळी हिवाळ्यात २३ पक्षी मेल्याचा दावा कोर्टात झाला. २०१३ मध्ये जिल्हा न्यायालयाने पाण्याचे परवाने देणाऱ्या राज्य यंत्रणेला जबाबदार धरलं. पुढच्या वर्षी अपील न्यायालयाने निकाल फिरवला, कारण परवाना आणि पक्ष्याचा मृत्यू यांच्यामधली साखळी फार लांबची आहे असं त्याला वाटलं. झऱ्याच्या तोंडाशी राहणाऱ्या माशाला कायदा सापडला. तेच पाणी शेकडो किलोमीटर खाली ज्याच्यापर्यंत पोचायला हवं होतं त्या पक्ष्याला सापडला नाही. नदीत मात्र अशी सीमा नसते. शेवटच्या जिवापर्यंत कारण-परिणाम सिद्ध करा, मग पाणी सोडू, अशी अट घातली तर मुखाकडचे जीव नेहमीच हरणार.

आणि संकटग्रस्तांच्या यादीवर सगळी भिस्त ठेवण्यात आणखी एक धोका आहे. यादीत नाव यायला उशीर झालेला असतो. सॅन मार्कोस गॅम्ब्युशिया नावाचा आणखी एक लहान मासा त्याच नदीत होता. १९८० मध्ये तो यादीत आला, १९८३ नंतर तो निसर्गात सापडला नाही, आणि २०२३ मध्ये नामशेष म्हणून यादीतून काढला गेला. यादी हा शेवटचा भोंगा आहे. तो वाजेपर्यंत हक्क वाटले गेलेले असतात, त्यावर वसाहती उभ्या राहिलेल्या असतात, आणि मग पाणी परत मागणं हे कुणाच्या तरी घरातून वस्तू उचलण्यासारखं वाटतं. शहरांना येणारा राग मी समजू शकते. पण त्या रागाचं कारण मासा नाही. वाटपाच्या वेळी नदीचा वाटा कुणी बाजूला ठेवला नाही, हे आहे.

न्यू मेक्सिकोत हा राग कायद्यात उतरला. रिओ ग्रांदे नदीतला सिल्व्हरी मिनो हा बोटभर मासा १९९४ मध्ये यादीत आला. त्याच्या मूळ अधिवासाचा अगदी थोडा हिस्सा उरला आहे, अल्बुकर्कीच्या वरच्या धरणापासून एलिफंट ब्यूट जलाशयापर्यंतचा. अल्बुकर्की शहराने सॅन हुआन-चामा योजनेतून, पर्वताखालच्या बोगद्याने कोलोरॅडोच्या खोऱ्यातून वळवून आणलेल्या पाण्याचा करार केला होता. दुष्काळात माशासाठी हे पाणी सोडायचा अधिकार संघराज्याच्या जलखात्याला आहे, असं २००३ मध्ये अपील न्यायालयाने म्हटलं. शहर संतापलं. त्याची बाजू लंगडी नव्हती: हे पाणी मुळात या नदीचं नाहीच, आम्ही त्याचे पैसे भरले आहेत. वर्ष संपायच्या आत अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे तिथल्या काँग्रेसने, हे आयात पाणी माशासाठी वापरायला बंदी घातली. शहराचा हक्क शाबूत राहिला. त्या शहराने पुढे स्वतःचा माणशी वापर निम्म्याच्या आसपास आणला, भूजलाचा उपसा कमी करून खाली गेलेली पातळी वर येऊ दिली, याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. पण नदीसाठी राखीव पाणी कुणाच्याच ताळेबंदात नव्हतं. परिणाम असा की दरवर्षी मिनो टाक्यांमध्ये वाढवून नदीत सोडले जातात, आणि उन्हाळ्यात नदी तुटली की जीवशास्त्रज्ञ उरलेल्या डबक्यांतून ते जाळ्याने गोळा करून बादल्यांतून दुसरीकडे नेतात. जुलै २०२२ मध्ये नदी खुद्द अल्बुकर्कीत कोरडी पडली, चार दशकांत पहिल्यांदा. या कामात राबणाऱ्या लोकांबद्दल मला आदर आहे. तरी मासा टाकीत जिवंत असणं म्हणजे नदी जिवंत असणं नव्हे, आणि टाकीतल्या माशाचा दाखला देऊन नदीचं पाणी काढून घेण्याची मुभा कुठल्याही शहराला असू नये.

शहरांच्या बाजूने एक गोष्ट मात्र ठामपणे सांगायला हवी, कारण ती फारशी कुणी सांगत नाही. पिकाला दिलेलं पाणी बहुतांशी हवेत जातं. शहराला दिलेल्या पाण्याचं तसं होत नाही. आपल्याकडे मलनिस्सारणाची आखणी करताना पुरवलेल्या पाण्याच्या साधारण ८० टक्के पाणी सांडपाणी म्हणून परत येतं असं धरतात. म्हणजे शहर हा पाण्याचा सगळ्यात कमी ‘खाणारा’ वापरकर्ता होऊ शकतो, जर त्याने घेतलेलं पाणी स्वच्छ करून त्याच नदीत योग्य जागी परत दिलं तर. इथे आपली लाज उघडी पडते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१च्या आकडेवारीनुसार भारतातल्या शहरांत दररोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होत होतं आणि प्रत्यक्षात त्यातल्या २०,२३६ दशलक्ष लिटरवर प्रक्रिया होत होती. वरच्या अंगाने स्वच्छ पाणी उचलायचं आणि खालच्या अंगाने मैला सोडायचा, याला पाणीहक्क म्हणता येणार नाही. हक्काला परत करण्याचं कर्तव्य जोडलेलं असलं पाहिजे. मंजूर कोट्याचा आकडा आणि परत येणाऱ्या शुद्ध पाण्याचा आकडा एकाच आदेशात, एकाच ओळीत लिहिलेले असावेत. दुसरा घसरला की पहिलाही घसरावा.

भारतात नदीच्या वाट्याचा विचार उशिरा आणि अर्धवट झाला. २००२च्या राष्ट्रीय जलनीतीने प्राधान्यक्रम लावला त्यात पिण्याचं पाणी पहिलं, मग सिंचन, मग जलविद्युत, आणि पर्यावरण चौथं. २०१२च्या नीतीने भाषा सुधारली आणि परिसंस्थेच्या किमान गरजेला वरच्या गरजांमध्ये आणलं, पण नीती म्हणजे कायदा नव्हे. ऑक्टोबर २०१८ मध्ये गंगेसाठी मात्र खरी अधिसूचना निघाली. वरच्या पट्ट्यात कोरड्या महिन्यांत सरासरी मासिक प्रवाहाच्या २० टक्के, मधल्या महिन्यांत २५ टक्के, पावसाळ्यात ३० टक्के पाणी नदीत राहिलंच पाहिजे. हरिद्वारच्या भीमगोडा बॅरेजखाली कोरड्या दिवसांत सेकंदाला ३६ घनमीटर, आणि बिजनोर, नरोरा, कानपूर इथल्या बॅरेजखाली २४. हे आकडे अपुरे आहेत असं म्हणणारे अभ्यासक आहेत आणि मला त्यांचं पटतं. तरी आकडा ठरला, मोजमाप ठरलं, आणि दिल्लीपर्यंत पाणी नेणारा कालवासुद्धा नदीचा वाटा सोडूनच भरायचा असतो हे तत्त्व मान्य झालं. ही अधिसूचना उन्नावला संपते. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या देशातल्या पहिल्या गणनेत ६,३२७ नदी-डॉल्फिन मोजले गेले, आणि त्यांतले बहुतेक ज्या पाण्यात राहतात ते उन्नावच्या खाली किंवा उपनद्यांमध्ये आहे.

त्या उपनद्यांमधली चंबळ आता ऐरणीवर आली आहे. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश या तीन राज्यांतून जाणारं चंबळ अभयारण्य १९७०च्या दशकाच्या अखेरीस घडियालांसाठी, म्हणजे लांब जबड्याच्या सुसरींसाठी, झालं, आणि जगात उरलेल्या घडियालांचा सगळ्यात मोठा समूह आजही तिथेच आहे. घडियालाला खोल, वाहतं पाणी लागतं आणि अंडी घालायला उंच वाळूचे काठ लागतात. एप्रिल-मे महिन्यांत पाणी उतरलं की डोह एकमेकांपासून तुटतात, काठांची बेटं उरत नाहीत, कुत्री-कोल्हे चालत घरट्यांपर्यंत पोचतात. गांधीसागरपासून कोटा बॅरेजपर्यंतच्या चार बांधकामांनी मुख्य नदीचं उन्हाळी पाणी आधीच अडवलेलं आहे. कोट्याखाली चंबळ पुन्हा नदी होते ती मुख्यतः काली सिंध आणि पार्वती या उपनद्या येऊन मिळतात म्हणून.

पार्वती-काली सिंध-चंबळ जोडप्रकल्पाचा करार केंद्र, मध्य प्रदेश आणि राजस्थान यांनी जानेवारी २०२४ मध्ये केला, आणि त्याच वर्षी डिसेंबरात पायाभरणीही झाली. पूर्व राजस्थानातल्या जिल्ह्यांना पिण्याचं पाणी, ही त्याची पहिली ओळख. ती गरज खरी आहे. तिथल्या बायका मैलोन् मैल पाण्यासाठी चालतात, आणि त्यांच्या पाण्याला विरोध करण्याचा अधिकार मला किंवा कुणालाच नाही. पण त्याच प्रकल्पात लाखो हेक्टरांचं सिंचन आहे, उद्योगांचं पाणी आहे. म्हणून हा प्रकल्प राबवणाऱ्यांकडे माझी मागणी साधी आहे. माणशी किमान गरजेचं पाणी किती, ते वेगळं सांगा. अभयारण्यात, काली सिंध आणि पार्वती जिथे मिळतात त्याखाली, प्रत्येक महिन्यात किती घनमीटर पाणी वाहतं राहील, ते सांगा. या दोन आकड्यांना हात न लावता उरेल तेवढ्यावरच सिंचनाची आणि उद्योगांची आखणी करा, आणि कोरड्या वर्षात कपात कुणाची, किती आणि किती मोबदल्यात, हे कालवा खोदण्याआधी लिहून शेतकऱ्यांच्या हातात द्या.